वाचकांचे प्रश्न : मोल्सवर्थ म्हणजे माणूस की कोश?

प्रश्न : आमचे मराठीचे सर शब्द अडला की म्हणायचे, 'मोल्सवर्थ बघ.' हे कोशाचं नाव की माणसाचं? या आडनावाचे आणखी कोणी नावाजलेले आहेत का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. माझ्या टेबलावरच्या कोशाचा पुठ्ठा दोनदा बदलला, तरी मलाही बरीच वर्षं हा माणूस आठवत नसे, नुसता ग्रंथच आठवे. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मोल्सवर्थ हे इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव. 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, आपली वाडी म्हणा. मूल नावाच्या कुणाची तरी वाडी, ती मोल्सवर्थ. गावावरून आडनाव पडलं, आपल्यासारखंच; फक्त 'कर' लागला नाही. वर्ड्‌स्वर्थमधला वर्थही हाच.

आपले जेम्स थॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१) मुंबईच्या लष्करातले अधिकारी. कँडी हे जुळे बंधू आणि आपले शास्त्री-पंडित यांच्या मदतीने त्यांनी १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला, १८५७ साली तो वाढवून पुन्हा काढला. शब्द संस्कृतातून आला की फारसी, अरबी, हिंदुस्तानीतून, याची खूण ते करतात. म्हणी देतात, आणि शिष्ट लोक टाळतात ते शब्दही देतात. हे मला फार मोठं वाटतं. ते शब्द त्यांनी गाळले असते तर आज आपण ते शोधायचे कुठे?

याच आडनावाचे सर विल्यम मोल्सवर्थ ब्रिटिश संसदेत होते. कैद्यांना ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्याच्या पद्धतीविरुद्ध ते लढले, इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जचं समग्र लेखन त्यांनी संपादित केलं, आणि १८५५ मध्ये, वसाहतमंत्री झाले त्याच वर्षी, पंचेचाळिसाव्या वर्षी वारले. गिल्फर्ड मोल्सवर्थ हे सिलोनच्या रेल्वेचे अभियंते, पुढे भारत सरकारचे सल्लागार. त्यांचं सूत्रांचं खिशातलं पुस्तक अभियंते जवळ बाळगत. मुलांसाठी लिहिणाऱ्या मेरी लुइझा मोल्सवर्थ यांचं हे सासरचं आडनाव.

कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. मात्र जुने अनुस्वार सांभाळा. 'नांव' असं शोधा. 'नाव' शोधलंत तर होडी मिळेल.