पावसाळ्यात कंपोस्टच्या बादलीला वास येतोय, बंद करू का?

ताई, बंद करू नका. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये चार माणसं, गॅलरीत २० लिटरची एक बादली, पाऊस सुरू झाल्यापासून गटारासारखा वास, अळ्या, तळाशी काळं पाणी आणि वर शेजाऱ्यांची तक्रार. तुम्ही लिहिलेल्या या चारही गोष्टींचं मूळ एकच आहे. बादलीत कोरडा माल कमी पडतोय, त्यामुळे हवा आत शिरत नाही आणि कचरा कुजण्याऐवजी सडतो.

आज एवढं करा. सगळा माल जुन्या वर्तमानपत्रांवर उपसून काढा. जितका ओला माल, साधारण तितक्याच मापाचा चुरलेला पाचोळा त्यात मिसळा. पाचोळा नसेल तर कोकोपीट किंवा वखारीतला लाकडाचा भुसा चालेल, पण प्लायवूडचा भुसा घेऊ नका, त्यात डिंकातली रसायनं असतात. मग मूठभर माल घट्ट पिळा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर. धार लागली तर अजून कोरडं घाला. वास दोन-तीन दिवसांत उतरतो. वास अमोनियासारखा नाकात झोंबणारा असेल तरी इलाज हाच, फक्त तिथे हिरवा पाला आणि भाजीचा कचरा जास्त झालेला असतो.

फिनाईल किंवा झुरळांचा स्प्रे अजिबात मारू नका. ज्या जिवाणूंकडून काम करून घ्यायचं तेच मरतात. जाड, मातकट अळ्या बहुतेक काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, उलट कचरा झपाट्याने संपवतात. घरमाशीच्या बारीक पांढऱ्या अळ्या मात्र कचरा उघडा राहिल्याची खूण आहे. रोज ओला कचरा टाकला की वर दोन इंच कोरडा थर द्यायचाच, आणि आठवड्याला मूठभर निंबोळी पेंड. द्राक्षांच्या दिवसांत सडके मणी वरच पडून राहिले तर चिलटं लगेच जमतात, ते नेहमी खोल गाडा.

आता बादलीचं. चार माणसांचा ओला कचरा दिवसाला किलोच्या आसपास निघतो. २० लिटरची बादली खाली बसत बसत भरली तरी तीन आठवड्यांत तुडुंब होते, आणि खत व्हायला भरल्यानंतर दीड-दोन महिने लागतात. एकाच बादलीत रोज ताजं पडत राहिलं तर खत तयार होणार कधी? ४०-५० लिटरचे तीन ड्रम घ्या: एक भरतोय, दोन मुरतायत. बाजूंना चार-चार बोटांवर ६-८ मिमीची भोकं, तळाला पाच-सहा, आत तळाशी नारळाच्या शेंड्यांचा थर, खाली विटा आणि ताट. पावसाची झड झाकणातून आत जाणार नाही असं ठेवा. मुरणाऱ्या ड्रममधला माल आठवड्यातून एकदा खालवर करा.

विरजण म्हणून तयार खताची ओंजळ किंवा वाटीभर आंबट ताक पुरतं, विकतच्या कल्चरवर पैसे घालवायची गरज नाही. चहाचा चोथा धुऊन टाका. कांद्याची कोरडी टरफलं आपल्याकडे भरपूर निघतात, ती कोरड्या मालातच धरा. तेलकट रस्सा, मटण-मासळी, आंब्याच्या कोयी आणि करवंट्या यात घालू नका. ते ओल्या कचऱ्यात घंटागाडीला द्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत न बांधता.

खरी तयारी पावसाळ्याआधी करायची असते. माघ-फाल्गुनात पानगळीचा पाचोळा रस्त्याकडेला ढिगाने पडतो आणि कित्येक ठिकाणी तो पेटवून दिला जातो, हे फार वाईट वाटतं. तोच पाचोळा गोण्यांत भरून सोसायटीच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवा, एका घराला चार-पाच गोण्या तरी लागतात. उन्हाळ्यात मात्र उलटं होतं. माल वाळतो, मुंग्या लागतात, तेव्हा पाणी शिंपडा.

खत झालं का, हे पाहायला मूठभर ओलसर माल घट्ट बांधलेल्या पिशवीत तीन दिवस ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर ५-६ मिमीच्या जाळीतून चाळा आणि एक भाग खताला तीन भाग माती असं कुंडीत वापरा. आंबट किंवा कुजका वास आला तर अजून पंधरा दिवस मुरू द्या, कच्च्या खताने मुळं करपतात. चाळणीवर राहिलेले जाड तुकडे पुढच्या ड्रमच्या तळाशी टाका.