वाचक विचारतात: सुईचं भोक आणि काळाठिक्कर कागद

गेल्या अंकात पिनहोल कॅमेऱ्यावर (लेन्सऐवजी सुईच्या भोकातून आतल्या फोटोच्या कागदावर चित्र पाडणारा बंद डबा) लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला, त्यातली निम्मी पत्रं 'कागद काळा झाला' याच रडगाण्याची आहेत. म्हणून यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून फक्त याचीच उत्तरं देतोय.

प्रश्न: पत्र्याच्या डब्याचा कॅमेरा केला. आतून काळा रंग मारला, बारीक खिळ्याने भोक पाडलं (साधारण दीड मिलिमीटर), भोकापासून कागद १२ सेंटिमीटरवर. कडक उन्हात ५ मिनिटं ठेवला. डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणारं केमिकल) टाकल्या टाकल्या कागद काळाकुट्ट! तीनदा केलं, तीनदा तेच. डब्यात खोट आहे की माझं चुकतंय?

आधी सांगा, ते तीन काळे कागद फेकून तर नाही ना दिलेत? दिले असतील तर घात केलात, कारण काय चुकलं ते त्या कागदावरच लिहिलेलं असतं. कागद डब्यात चिकटपट्टीने लावला असणार, तर पट्टीखाली जो भाग झाकला गेला होता तो बघा. तो पांढरा राहिलाय आणि बाकीचं काळं आहे, याचा अर्थ तुमची केमिकल्स ठीक, अंधाऱ्या खोलीतला लाल दिवा ठीक, जो काही गोंधळ झाला तो डब्याच्या आत. पण पट्टीखालचं पण काळं झालं असेल तर कागद कॅमेऱ्यात जायच्या आधीच फॉग झालाय, म्हणजे त्याला भलताच उजेड लागलाय (किंवा डब्यातून काढल्यावर), मग डब्याला दोष देऊ नका, कागदाचं पाकीट कुणी उघडलं ते घरात विचारा.

तुमच्या बाबतीत मला वाटतं पट्टीखाली पांढरं सापडेल, कारण गणितच चुकलंय. १२० मिलिमीटरला दीडने भागा, एफ ८० येतो (हा आकडा जितका मोठा, तितका आत येणारा उजेड कमी). कडक उन्हाचा जुना नियम असा की एफ १६ ला जेवढा आयएसओ (फिल्म किंवा कागद उजेड किती चटकन टिपतो तो आकडा, म्हणजेच स्पीड) तितक्याव्या भागाचा सेकंद. ब्रोमाइड पेपरचा (म्हणजे आपल्या फोटोच्या कागदाचा) स्पीड साधारण ६ धरा, म्हणजे एफ १६ ला एक षष्ठांश सेकंद. आता ८० म्हणजे १६ च्या पाचपट, आणि प्रकाश वर्गाच्या हिशोबाने कमी होतो म्हणून वेळ २५ पट, झाले ४ सेकंद. तुम्ही दिलेत ३००! बिचारा कागद काळा नाही होणार तर काय होणार.

तोच डबा, पण भोक अर्ध्या मिलिमीटरचं केलंत तर एफ २४०, म्हणजे १६ च्या १५ पट, वर्ग २२५, त्याला ६ ने भागलं की ३७-३८ सेकंद. चाळीस धरा. शटर म्हणून काळी पट्टी काढायची-लावायची असली तरी हा वेळ हाताने आरामात सांभाळता येतो, ४ सेकंदांत मात्र पट्टी काढतानाच डबा हलतो. ढग आले की दुप्पट ते चौपट. सावलीत त्याहून जास्त.

आणि एकदा हे करून बघाच: भोक बंद ठेवून, कागद आत घालून, डबा १० मिनिटं उन्हात ठेवा आणि कागद डेव्हलप करा. पांढरा आला तर डबा पक्का. झाकणाच्या कडेने करडी रेघ आली तर प्रकाश तिथून शिरतोय, टेपचा अजून एक वेढा मारा. मी पहिल्या डब्याला ही टेस्ट केली नव्हती आणि पुढचे दोन रविवार एक्स्पोजर (उजेड द्यायचा वेळ) बदलत बसलो, दोष निघाला झाकणाचा.

प्रश्न: अर्धा मिलिमीटर, पाव मिलिमीटर म्हणता, पण मोजायचं कशाने? घरात मायक्रोस्कोप नाही. आणि जितकं बारीक तितकं चांगलं ना?

फ्लॅटबेड स्कॅनर आहे का कुणाकडे? त्यावर पत्रा ठेवून १२०० डीपीआयला स्कॅन करा आणि झूम करून भोकाचे पिक्सेल मोजा. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्यामुळे एक पिक्सेल साधारण ०.०२१ मिलिमीटर. २४ पिक्सेल भरले की झालं अर्धा मिलिमीटर. स्कॅन केल्यावर भोक गोल आहे की फाटकं आहे ते पण दिसतं, आणि माझ्या मते मापापेक्षा ते जास्त महत्त्वाचं.

भोक पाडताना सुई आरपार घुसवायची नाही. पातळ अॅल्युमिनियमचा तुकडा (रिकाम्या कॅनचा चालतो) जाड पुठ्ठ्यावर ठेवायचा, सुईने नुसतं दाबून मागच्या बाजूला फुगवटा आणायचा, तो फुगवटा बारीक पॉलिश पेपरने घासायचा, मग टोक हलकेच फिरवायचं, परत घासायचं. असं चार-पाच वेळा. कंटाळवाणं आहे पण कड स्वच्छ येते.

जितकं बारीक तितकं चांगलं, हे मात्र चूक. एका मर्यादेपलीकडे भोकाच्या कडेला प्रकाश वाकून पसरतो आणि फोटो उलट जास्त धूसर होतो, वर वेळ वाढतो तो वेगळाच. अंतर ५० मिलिमीटर असेल तर भोक ०.३ च्या आसपास, १०० ला ०.४५, २०० ला ०.६. बारीकसारीक फरकाने आभाळ कोसळत नाही. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका विमानाच्या हँगरचाच पिनहोल कॅमेरा केला होता, कापड शंभर फुटांहून रुंद, आणि भोक होतं फक्त ६ मिलिमीटरचं. एक्स्पोजर ३५ मिनिटं.

प्रश्न: फोटो येतात, पण आकाश सपाट पांढरं आणि झाडं काळीकुट्ट. मधले करडे रंगच नाहीत.

हा कागदाचा स्वभाव आहे, तुमचा दोष नाही. त्याला निळा प्रकाश (मल्टिग्रेड, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे कॉन्ट्रास्ट बदलणारा कागद असेल तर थोडा हिरवाही) दिसतो, लाल जवळपास दिसतच नाही, म्हणून तर आपण लाल दिव्यात काम करू शकतो. आकाश निळं, ते निगेटिव्हवर (डब्यातून निघणारं उलट्या छटांचं चित्र) काळंभोर होतं आणि पॉझिटिव्हला पांढरं. त्यातून मल्टिग्रेड कागदाला निळा प्रकाश मिळाला की तो कॉन्ट्रास्ट (काळ्या-पांढऱ्यातला फरक) आणखी चढवतो. उपाय म्हणजे भोकावर पिवळा फिल्टर लावा आणि वेळ दुप्पट धरून सुरुवात करा. किंवा भर दुपारचं ऊन सोडा, ढगाळ दिवशी बाहेर पडा, एवढ्याने पण खूप फरक पडतो.

माझा आवडता उपाय प्रीफ्लॅशचा. कॅमेऱ्यात घालायच्या आधी कागदाला अगदी मंद पांढरा उजेड दाखवायचा, इतका थोडा की तसाच डेव्हलप केला तर पांढराच दिसेल. त्यासाठी त्याच कागदाची एक पट्टी घ्या, पुठ्ठ्याने झाकत झाकत १, २, ३, ४ सेकंद असा उजेड द्या आणि डेव्हलप करा. समजा ३ ला पहिल्यांदा करडी छटा दिसली, तर तुमचा वेळ २. आता कागद उंबरठ्यावर उभा असतो, झाडांच्या सावलीतला जरासा प्रकाश आला तरी तो नोंदवतो.

प्रश्न: मी आठवीत आहे. गोल डब्यात कागद वाकवून लावला तर बिल्डिंग वाकडी येते. चालेल का?

चालेल की! उलट मजा येते. सपाट कागदाच्या कडा भोकापासून लांब पडतात म्हणून तिथे प्रकाश कमी पोचतो, वाकवलेल्या कागदात हा फरक कमी होतो. फक्त तुझा आलेला फोटो निगेटिव्ह असेल, तर मोबाइलने त्याचा फोटो काढ आणि रंग उलटे कर. केमिकलचं काम मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच कर हं.

प्रश्न: डबा सहा महिने गच्चीवर बांधून सूर्याच्या रेघा पकडायच्या आहेत. इतका वेळ दिल्यावर डेव्हलप किती मिनिटं करायचं?

शून्य मिनिटं! डेव्हलपर लावलात तर सगळं काळं होईल. इतक्या महिन्यांच्या उजेडाने कागदावर चित्र आपोआप उमटलेलं असतं, तांबूस-जांभळट रंगात. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या बेफर्डबरी वेधशाळेत एका विद्यार्थिनीने २०१२ मध्ये रिकाम्या कॅनमध्ये कागद घालून तो दुर्बिणीच्या घुमटाला बांधला आणि चक्क विसरून गेली, तो २०२० मध्ये काढला. आठ वर्षांत सूर्याच्या २,९५३ कमानी. उन्हाळ्यातल्या वर, हिवाळ्यातल्या खाली.

डब्याचं तोंड पाण्यापासून मात्र नीट बंद करा, ओल गेली की कागद संपला. हायपोमध्ये (चित्र पक्कं करायचं केमिकल) पण घालू नका, चित्र फिकं पडतं. मंद उजेडात बाहेर काढून थेट स्कॅन करायचं, आणि स्कॅनरची सगळी सेटिंग दुसऱ्या कुठल्या तरी कागदावर आधी करून ठेवा, प्रीव्ह्यू मारू नका, कारण स्कॅनरचा दिवा पण त्या कागदाला प्रकाशच वाटतो.