वाचकांचे प्रश्न : माळावरची चौकट, कपाशीवरचा मावा

प्रश्न : आठवी-नववीच्या मुलांना गावच्या गायरानावर नेते. दरवर्षी झाडाझुडपांची यादी होते आणि प्रकल्प संपतो. याला परिस्थितिकीचा अभ्यास म्हणायचं का? नसेल, तर नेमकं काय करून घ्यावं?
– एक शिक्षिका, अंबाजोगाई

उत्तर : यादी म्हणजे गावाची मतदारयादी. कोण राहतं ते कळतं. कोण कुणाच्या जिवावर जगतं, ते कळत नाही. जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये ‘इकॉलॉजी’ (परिस्थितिकी) हा शब्द घडवला, तो ‘घर’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. हे गवत इथंच का उगवलं, पलीकडे का नाही, असं विचारलं की यादीचा अभ्यास होतो.

मुलांना एकच प्रश्न द्या : गुरं चरतात तिथल्या आणि चराई बंद असलेल्या तुकड्यातल्या गवतात फरक काय? बंद तुकडा म्हणून देवस्थानाचा राखलेला माळ किंवा कुंपणातली जागा चालेल. मात्र दोन्हीकडचा उतार आणि मातीची खोली सारखी हवी. टोकदार सळई ठोकून खोली आधी तपासा. एकीकडे मुरूम आणि दुसरीकडे हातभर काळी माती असेल, तर फरक चराईचा की मातीचा, हे सांगताच येणार नाही, आणि सगळी मेहनत वाया जाईल.

पोळा झाल्यावर, गवत निसवलं की जा. कुसळी, पवना, मारवेल तुऱ्यावरून ओळखू येतात. जुलैत सगळंच एकसारखं हिरवं दिसतं.

चार खुंट्या आणि सुतळी घेऊन १ मीटर × १ मीटरची चौकट करा. दोन्ही कर्ण १४१ सेंमी भरले की चौकट चौरस झाली. प्रत्येक तुकड्यात अशा १० जागा मोजायच्या. जागा मुलांनी निवडायची नाही. ती नेमकी फुलं असलेल्या ठिकाणी धावतात. ५० मीटरची टेप अंथरा, १ ते ५० च्या चिठ्ठ्या टाका, निघेल त्या मीटरवर चौकट मांडा. प्रत्येक जातीची संख्या लिहा. गवताची पाती मोजू नका, ठोंब मोजा. सुतळीवर आलेलं झाड डाव्या आणि वरच्या कडेवर असेल तर धरायचं, उजव्या आणि खालच्या कडेवर असेल तर सोडायचं. हा नियम आधी ठरला नाही, तर प्रत्येक गटाचा आकडा वेगळा येतो.

नुसत्या संख्येवर विसंबू नका. समजा, तरोट्याची ५० रोपं एकाच चौकटीत सापडली आणि मारवेलचे १८ ठोंब नऊ चौकटींत विखुरलेले मिळाले. सरासरीत तरोटा ५ आणि मारवेल १.८, पण आढळ, म्हणजे दहापैकी किती चौकटींत सापडला, ते पाहिलं तर तरोटा १० टक्के आणि मारवेल ९० टक्के. माळ कुणाचा आहे, ते दुसरा आकडा सांगतो. तरोट्याला गुरं तोंड लावत नाहीत, मारवेल आवडीनं खातात. म्हणून चराई वाढली की मारवेल हटतो आणि तरोटा पसरतो. मुलांच्या आकड्यांत हे उमटतं का, ते बघणं हाच खरा धडा.

सोबत जमीन पाणी किती वेगानं पिते, तेही मोजा. दोन्ही तोंडं कापलेला, १० सेंमी व्यासाचा, १५ सेंमी उंच डबा ५ सेंमी जमिनीत दाबा, ५०० मिली पाणी ओता आणि जिरायला लागलेली मिनिटं लिहा. काळ्या मातीत भेगा असतील तर पहिलं पाणी गडप होतं. ते धरू नका, दुसऱ्यांदा ओतलेलं मोजा. खुरांनी घट्ट झालेल्या जमिनीवर पाणी बराच वेळ उभं राहतं.

प्रश्न : कपाशीवर मावा दिसला की फवारतो. थोड्या दिवसांत तो पुन्हा येतो, आधीपेक्षा जास्त. औषध भेसळीचं असेल का?
– एक शेतकरी, मानवत तालुका

उत्तर : औषध चांगलं असलं तरी असंच होतं. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं देते आणि ती पिल्लं आठवडा-दहा दिवसांत स्वतः वितात. मावा खाणाऱ्या ढालकिड्याला अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. सरसकट कीटकनाशकानं दोघंही मरतात. मावा आधी सावरतो आणि त्याला खाणारं रानात कुणी उरलेलं नसतं.

फवारणीआधी शेतात फिरून २० झाडं पाहा. प्रत्येकाचं वरचं, मधलं, खालचं, अशी तीन पानं उलटवा. सरासरी पानामागे १० मावा ही आर्थिक नुकसानीची पातळी धरतात. त्याखाली पंपाला हात लावू नका. मित्रकिडीही मोजा. केसासारख्या देठावरचं पांढरं अंडं क्रायसोपा या मित्रकिडीचं. फुगलेला, तपकिरी, निश्चल मावा म्हणजे आत परोपजीवी गांधीलमाशीची अळी. नारिंगी ठिपक्यांची, करड्या-काळ्या रंगाची, मगरीसारखी दिसणारी अळी ढालकिड्याची. कीड समजून ती हमखास मारली जाते, आणि हे मनाला फार लागतं. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तीही लिहून ठेवा. माव्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, ढालकिड्यांना हुसकावतात.

पुढच्या हंगामात कपाशीच्या कडेनं चवळी लावा. चवळीवरचा मावा वेगळ्या जातीचा, कपाशीवर सहसा वस्ती करत नाही. पण त्यावर ढालकिडे पोसले जातात. त्या चवळीवर मात्र फवारू नका.

प्रश्न : नाथसागराच्या काठी झाडं लावली तर पक्षी वाढतील का?
– एक वाचक, पैठण

उत्तर : पाणी ओसरून उघड्या पडणाऱ्या चिखलात नकोत. तुतारी बोटभर पाण्यात चोचीनं किडे शोधते, शेकाट्या लांब पायांवर थोडं आत जातो, पट्टकादंब काठचं कोवळं गवत खुडतात. शत्रू लांबून दिसावा म्हणून त्यांना मोकळा काठ लागतो. लावायचीच असतील, तर धरण भरल्यावरच्या पाण्याच्या रेषेबाहेर, रस्त्याकडेला करंज, कडुनिंब लावा.