इतिहासात बी.ए. करून वकिलीत आलं तर ती तीन वर्षं वाया जातात का?

तुम्ही इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहात. बारावीनंतर लगेच लॉला गेलेले मित्र पुढे निघून गेले, आपण मागे पडलो का, असं विचारलंय. मीही इतिहासाचाच. गेली चार वर्षं तालुक्याच्या दिवाणी कोर्टात काम करतोय. हिशेब केला तर त्यांची पाच वर्षं आणि आपली तीन अधिक तीन, म्हणजे फरक एका वर्षाचा आहे.

वाट सरळ आहे. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के, मग सीईटी, तीन वर्षांची एलएल.बी., बार कौन्सिलची सनद म्हणजे वकिलीचा परवाना, आणि सनदेनंतर दोन वर्षांच्या आत ऑल इंडिया बार एक्झाम. सनदेच्या फीबद्दल एक लक्षात ठेवा. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम २४ प्रमाणे ती खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये आहे, आणि कायद्याने ठरवल्यापेक्षा जास्त घेता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. स्टॅम्प ड्यूटी तेवढी वेगळी.

खरी अडचण मला लिहिण्यात आली. पहिली कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर, मी पेपरातल्या उत्तरासारखी लिहिली: घराण्याची पार्श्वभूमी, वाटणी कशी झाली, भावाभावांत कुठून बिनसलं. अडीच पानं. सरांनी, म्हणजे माझ्या सीनियर वकिलांनी, दाव्याची प्रत शेजारी ठेवली, पेन्सिल एकेका कलमावर (दाव्यातल्या क्रमांकित परिच्छेदावर) टेकवत खाली आले आणि विचारलं, "कलम ४ ला उत्तर कुठंय?" नव्हतं. दाव्यातलं जे विधान तुम्ही स्पष्टपणे नाकारत नाही ते तुम्हाला मान्य आहे असं धरलं जातं, दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर ८, रूल ५. कलम ४ मध्ये वादीने विहीर सामाईक असल्याचं म्हटलं होतं. माझ्या त्या अडीच पानांत आमच्या पक्षकाराची विहीर गेली असती. त्या रात्री बसून पुन्हा लिहिलं, "कलम ४ मधील मजकूर खरा नाही व तो प्रतिवादीस मान्य व कबूल नाही", आणि असंच प्रत्येक कलमाला. ही शिस्त बी.ए.त मिळत नाही, ती ऑफिसात बसूनच येते.

पण कागद वाचायची सवय मला इतिहासानेच लावली. कुणी लिहिला, कधी, कुणाच्या सांगण्यावरून, आणि आपल्यासमोर आहे ती नक्कल आहे की मूळ? हद्दीच्या एका वादात जुनं मोडी खरेदीखत होतं, सोबत त्याचं देवनागरी लिप्यंतर. त्यात चतुःसीमेत "उत्तरेस मळा" असं होतं. बी.ए.ला असताना मी पुराभिलेख विभागाचा मोडीचा वर्ग केला होता, म्हणून मूळ कागद मागून घेतला. मोडीत हात न उचलता लिहितात, त्यामुळे काना कुठल्या अक्षराचा हे चटकन कळत नाही. मला तो "माळ" वाटला. उत्तरेला ओलिताचा मळा नसून पडीक माळ असेल तर हद्द पार दुसरीकडे जाते. सरांनी मान्यताप्राप्त मोडी जाणकाराकडून पुन्हा वाचून घेतलं. माळच होता. असे कागद तीस वर्षांहून जुने आणि योग्य ताब्यातून आलेले असतील तर कोर्ट ते खरे मानू शकतं (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम ९२), म्हणून त्यातलं एक अक्षरही जड असतं.

पैशांचं मात्र आधी ठरवून या. पहिलं वर्ष मला सीनियरकडून जाण्यायेण्याचा खर्च तेवढा मिळायचा, संध्याकाळी शिकवण्या घेऊन भागवलं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ज्युनियरना शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये महिना द्यावेत असं सुचवलंय, पण ती शिफारस आहे, बंधन नाही. बंधन नसणं चुकीचं आहे असं मला मनापासून वाटतं. घरून आधार नसलेली कितीतरी हुशार मुलं ह्याच वर्षात वकिली सोडतात.

परीक्षा झाली की निकालाची वाट न बघता जवळच्या कोर्टात चार दिवस मागच्या बाकावर जाऊन बसा. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं. उलटतपासणी चालू असेल तिथे थांबा, आणि वकील साक्षीदाराला कुठला कागद दाखवतोय तिकडे लक्ष ठेवा.