पॅनेल हवी होती ८०, आली ८८०

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ग्रासहॉपरमध्ये (राइनो या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं, ठोकळे वायरने जोडून आकार घडवायचं साधन) फसाडसाठी, म्हणजे इमारतीच्या दर्शनी भागासाठी, एका सरफेसचे १० बाय ८ भाग पाडले. एका ठरावीक बिंदूपासून जितकं लांब, तितकं पॅनेल जास्त फिरावं, अशी कल्पना होती. पण ८० ऐवजी ८८० पॅनेल तयार झाली आणि लॅपटॉप अडकला. 'फ्लॅटन' करून सगळं एकाच यादीत आणलं तर ९९ झाली. एकही कंपोनंट (ठोकळा) लाल नाही. मग चुकलं कुठे?

उत्तर : चूक कुठे आहे ते हे दोन आकडेच सांगताहेत. 'डिव्हाइड सरफेस'ला यू १० आणि व्ही ८ दिलं की तो तेवढे भाग धरतो, पण बिंदू देतो भागांच्या कडांवर. १० भागांना ११ कडा, ८ भागांना ९. झाले ९९ बिंदू. शिवाय ते एका सरळ यादीत येत नाहीत. ११ फांद्या (म्हणजे उपयाद्या) आणि प्रत्येक फांदीत ९ बिंदू अशी त्यांची मांडणी असते. सरफेसचे तुकडे कापणाऱ्या 'आयसोट्रिम'मधून निघालेली ८० पॅनेल मात्र एकाच फांदीत बसलेली. दोन्हींची सांगड घालताना ग्रासहॉपर ती एकुलती एक फांदी ११ वेळा वापरतो. दर वेळी ८० पॅनेलसमोर त्या फांदीतल्या ९ बिंदूंच्या अंतरांवरून काढलेले ९ आकडे येतात. आकडे संपले की शेवटचाच पुन्हा पुन्हा लावला जातो. ११ गुणिले ८०, म्हणजे ८८०.

फ्लॅटन केल्यावर फांद्या गेल्या, पण ९९ आकडे तसेच राहिले. आता कमी पडतात ती पॅनेल. म्हणून शेवटचं पॅनेल २० आकड्यांना पुरवलं जातं. मॉडेलचा तो कोपरा झूम करून पाहा, एकाच जागी २० प्रती पंख्यासारख्या पसरलेल्या दिसतील. लाल रंग का नाही? कारण यातलं काहीच ग्रासहॉपरच्या लेखी चूक नाही. कंपोनंटला काम करताच आलं नाही तर तो लाल होतो. तुमच्या कंपोनंटने मात्र काम इमानेइतबारे केलं, फक्त तुम्हाला हवं ते नव्हे.

उपाय सोपा आहे. 'डिव्हाइड सरफेस' काढूनच टाका. 'आयसोट्रिम'ची पॅनेल 'एरिया'ला जोडा आणि त्याच्याकडून मध्यबिंदू घ्या. ८० पॅनेल, ८० बिंदू, क्रमही तोच. पुढे 'डिस्टन्स' (तुमच्या ठरावीक बिंदूपासूनचं अंतर) आणि मग 'रीमॅप नंबर्स' (त्या अंतरांचं कोनांत रूपांतर). इथे घाई नको. 'रीमॅप'ची सोर्सची जागा रिकामी ठेवली तर तो ० ते १ धरून चालतो. टार्गेट १० ते ८० अंश असेल, तर ७ मीटर अंतरावरचं पॅनेल ५०० अंश फिरेल. म्हणून अंतरांची यादी आधी 'बाउंड्स'मधून काढून मिळालेली किमान-कमाल मर्यादा सोर्सला द्या.

शेवटी 'रोटेट'. कोन अंशांत आहेत, म्हणून त्याच्या कोनाच्या इनपुटवर 'डिग्रीज' निवडा. प्लेन दिलं नाही तर तो सगळं जगाच्या शून्यबिंदूभोवती फिरवतो आणि पॅनेल भिंत सोडून कुठल्या कुठे जातात. उभ्या अक्षावर फिरणारी पॅनेल हवी असतील तर तेच मध्यबिंदू 'एक्सवाय प्लेन'ला द्या आणि ती ८० प्लेन 'रोटेट'ला जोडा.

एक सवय मात्र आजपासून लावा. वायरकडे बघायची. एकेरी रेघ म्हणजे एकच वस्तू, दुहेरी म्हणजे यादी, तुटक दुहेरी म्हणजे फांद्या. तुटक रेघ दिसली की तिथे 'पॅरॅम व्ह्यूअर' लावून फांद्या मोजा. दिसेल तिथे फ्लॅटन मारण्याने प्रश्न सुटत नाही, फक्त पुढे ढकलला जातो.

प्रश्न : ४० मजल्यांचा टॉवर तळापासून माथ्यापर्यंत ९० अंश पिळायचा आहे. प्रत्येक मजल्याचा कोन 'सिरीज'मधून (समान पायरीने वाढणारे आकडे) दिला, तर मजले पत्त्यांसारखे विस्कटले.

उत्तर : 'रोटेट'ला कोन रेडियनमध्ये लागतो. तुम्ही प्रत्येक मजल्याला २.३ अंश म्हणून दिलेला आकडा त्याने २.३ रेडियन समजून घेतला, म्हणजे जवळजवळ १३२ अंश. कोनाच्या इनपुटवर राइट क्लिक करून 'डिग्रीज' निवडा, टॉवर जागेवर येईल.

त्यानंतर दुसरी चूक तपासा, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. ९० ला ४० ने भागलं तर पायरी २.२५ अंशांची होते आणि सर्वांत वरचा मजला ८७.७५ अंशांवर थांबतो. मजले ४० असले तरी त्यांच्यामधली अंतरं ३९ आहेत. भागाकार ३९ ने करा. तो ३९ हाताने टाइप करू नका. मजल्यांच्या स्लायडरमधून एक वजा करून घ्या, नाहीतर उद्या ३५ मजले केले की गणित पुन्हा बिघडेल.

प्रश्न : गणित कच्चं आहे. आधी पायथॉन शिकू का?

उत्तर : नको. व्हेक्टर म्हणजे काय, डोमेन म्हणजे काय, यादीतला क्रमांक ० पासून सुरू होतो आणि भागाकारात उरलेली बाकी कशी वापरायची, एवढ्यावर पहिलं सेमिस्टर आरामात निघतं. 'दर तिसरं पॅनेल उघडं ठेवा' हा बाकीचाच खेळ आहे. पायथॉनची गरज भासते ती एका पायरीचं उत्तर पुढच्या पायरीला कच्चा माल म्हणून द्यायचं असेल तेव्हा. ग्रासहॉपरमध्ये वायर फिरवून त्याच कंपोनंटच्या मागे जोडता येत नाही.

प्रश्न : तयार फाइल्स डाउनलोड करून त्यात बदल करतो. आकार छान येतात, पण ज्युरीत (परीक्षकांसमोर) 'हाच आकार का?' असं विचारलं की गप्प व्हावं लागतं.

उत्तर : गप्प व्हावं लागतं, कारण कशावर काय अवलंबून आहे हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं असतं. इटालियन वास्तुविशारद लुईजी मोरेत्ती यांनी १९६० मध्ये मिलानच्या त्रिएनाले या प्रदर्शनात स्टेडियमची मॉडेल्स मांडली होती. त्यांतल्या आसनांचे वळसे प्रेक्षकाला मैदान किती नीट दिसतं, या हिशेबातून आले होते. ग्रासहॉपर आलं २००७ मध्ये. म्हणजे कारण आधी होतं, सॉफ्टवेअर बऱ्याच नंतर.

कॅनव्हास उघडण्याआधी कागदावर तीन रकाने आखा. काय बदलणार, त्यामुळे काय बदलेल आणि काय अजिबात बदलू द्यायचं नाही. तिसरा रकाना बहुतेक जण रिकामा ठेवतात. खरं तर जिन्याची पायरी, पॅनेलची कमाल रुंदी, मजल्याची उंची हे सगळं तिथेच जातं. डाउनलोड केलेली फाइल वापरायचीच असेल तर ती बाजूला उघडी ठेवून रिकाम्या कॅनव्हासवर स्वतः बांधा. कॉपी-पेस्ट बंद. जिथे अडाल, तेवढंच तुम्हाला शिकायचं आहे. आणि व्होरोनॉय (पेशींसारखी दिसणारी जाळी) या वर्षी तरी नको. ज्युरीने तो पुष्कळ पाहिलाय.

प्रश्न : जाळीत ६०० भोकं पाडली की प्रत्येक स्लायडरला मिनिटभर थांबावं लागतं. नवा लॅपटॉप घेऊ का?

उत्तर : आधी 'प्रोफायलर' चालू करा. कुठला कंपोनंट किती वेळ खातो ते त्याच्याखाली दिसतं. बहुधा 'सॉलिड डिफरन्स' सापडेल. जाळी सपाट असेल तर घन वस्तूतून घन वस्तू वजा करूच नका. चौकटीची बाह्यरेषा आणि भोकांची वर्तुळं एकत्र 'बाउंडरी सरफेसेस'ला द्या, भोकं असलेला सपाट पत्रा मिळेल. मग त्याला एकदाच 'एक्स्ट्रूड' करा. भोकं एकमेकांना किंवा कडेला छेदत नाहीत ना, तेवढं पाहा.