खेड्यात फायबर पोचवणं सरकारचं काम की खाजगी कंपन्यांचं?

खांबावरची केबल सरकारने आणावी, घरातलं कनेक्शन खाजगी माणसाने चालवावं, असं माझं मत. विखुरलेल्या वाड्यांत कंपनीचा खर्चच निघत नाही, त्यामुळे ती आपणहून जात नाही. म्हणून २०११ मध्ये केंद्राने ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारी, पुढे भारतनेट झालेली योजना मंजूर केली. गंमत म्हणजे तिचा पैसा टेलिकॉम कंपन्यांच्याच महसुलावरच्या आकारणीतून येतो!

खरी बोंब पुढे आहे. ग्रामपंचायतीत इंटरनेटचा डबा बसतो. मग रस्त्याच्या कामात जेसीबी केबल तोडतो, लाईट गेली की बॅटरी मान टाकते, आणि तक्रार घ्यायला कुणी नसतं. गावचा केबलवाला मात्र तासाभरात शिडी घेऊन येतो, कारण त्याचं महिन्याचं भाडं बुडतं. २०२३ च्या सुधारित योजनेत १० वर्षांची देखभाल कंत्राटातच घातली, ते बरं झालं.