अमेरिकेतलं 'व्हिलेज' म्हणजे खेडं असतं का? ओक पार्कचं उदाहरण

नाही. इलिनॉय राज्यात 'व्हिलेज' हा नगरपालिकेचा एक कायदेशीर प्रकार आहे, त्यामुळे नावावर जाऊ नका. शिकागोला खेटून असलेलं ओक पार्क हे असंच 'खेडं', लोकसंख्या जेमतेम चौपन्न हजार! १९०२ साली ते सिसेरो टाउनशिप या मोठ्या प्रशासकीय विभागातून वेगळं झालं. कारभार निवडून आलेले अध्यक्ष आणि विश्वस्त (आपल्या नगरसेवकांसारखे) बघतात.

कादंबरीकार हेमिंग्वे इथे १८९९ साली जन्मला, वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटने इथेच घर आणि स्टुडिओ थाटला. पर्यटक त्यासाठीच येतात. मला मात्र घरांच्या विक्रीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

१९५० साली पर्सी ज्युलियन या कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञाने इथे घर घेतलं. राहायला येण्याआधीच ते जाळण्याचा प्रयत्न झाला, पुढच्या वर्षी डायनामाइट फेकलं गेलं. त्याच गावाने १९६८ मध्ये घर विकताना-भाड्याने देताना वंशभेद करण्यावर बंदी घातली. शिकागोच्या शेजारच्या ऑस्टिन भागातून तेव्हा, कृष्णवर्णीय कुटुंबं राहायला येऊ लागताच, गोरी कुटुंबं भराभर घरं विकून निघाली होती. तीच घबराट इकडे पसरू नये म्हणून 'घर विकणे आहे' अशा पाट्यांवर बंदी आली. भाडेकरूंना मिश्र वस्तीतली घरं सुचवणारी संस्थाही १९७२ पासून उभी राहिली.

बाकी, उन्हाळ्यात गल्ली वाहनांना बंद करून शेजारीपाजारी रस्त्यावरच एकत्र जेवतात. 'ब्लॉक पार्टी' म्हणतात तिला, आणि तिची परवानगी पालिकेकडूनच घ्यावी लागते.